दि. बा. पाटील : साडेबारा टक्क्यांचा वकील

१/ ठाणे-बेलापूर पट्ट्यात, उरणच्या रस्त्यावर आणि पनवेलच्या चौकांत गेली काही वर्षे एक नाव फलकांवर सातत्याने दिसते : लोकनेते दि. बा. पाटील. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, या आंदोलनामुळे ते आमच्या कल्याण-डोंबिवलीतील तरुण पिढीलाही परिचित झाले. तथापि, नाव परिचित होणे आणि कार्य ठाऊक असणे यांत बरेच अंतर आहे. एका वकिलाने जमिनीच्या कायद्यातून राजकारण कसे उभे केले आणि ‘साडेबारा टक्के’ या दोन शब्दांमागे नेमका कोणता विचार होता, हे या धाग्यात क्रमाने पाहू.

२/ दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील उरण तालुक्यात, जासई या गावी झाला. हा मुलूख खाडी आणि डोंगर यांच्या मधला. भातखाचरांचा आणि मिठागरांचा. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतला क्षार धुऊन काढायचा आणि कालांतराने तेथे भात पिकवायचा, अशी येथील खारजमिनीची शेती. बांध फुटला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या श्रमांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे. दप्तरात नोंद होई ती केवळ मालकाच्या नावाची.

३/ या मुलखाला संघर्षाची परंपरा होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातच चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही मृत्युमुखी पडले. दिबा तेव्हा चार वर्षांचे होते. पुढे १९३३ पासून अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो तब्बल सहा वर्षे चालला. त्या लढ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठबळ दिले आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. जमीन हा येथे घरोघरीच्या बोलण्याचा विषय होता, तसाच तो विधिमंडळातील वादाचाही विषय होता. दिबांचे पुढील सारे जीवन या दोहोंच्या मध्ये गेले.

४/ दिबांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि पनवेल ही आपली कर्मभूमी केली. तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’, म्हणजे कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले जाण्याचा दिवस. कागदावर हक्क मिळत होता. परंतु तो सिद्ध करण्यासाठी पीकपाहणीची नोंद, खंडाची पावती, साक्षीदार आणि तारखेला हजर राहण्याची ऐपत आवश्यक होती. ज्याचा अंगठाच सही होता, त्याला वकिलावाचून हा कायदा दूरचाच होता.

५/ मराठी राजकारणात वकिलांची वाण कधीच नव्हती. टिळक कायद्याचे पदवीधर, बाळासाहेब खेर सॉलिसिटर, आंबेडकर बॅरिस्टर. मात्र या नामावळीतील बहुतेकांची वकिली मुंबई-पुण्यासारख्या नगरांतली. तालुक्याच्या ठिकाणी, सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या आणि फेरफारांच्या ढिगाऱ्यात घडलेला वकील हा निराळा प्रकार होता. त्याला घटनात्मक प्रश्नांपेक्षा तलाठ्याने केलेली एक नोंद अधिक महत्त्वाची वाटे. कारण तिच्यावर एका कुटुंबाची पुढील पन्नास वर्षे अवलंबून असत. दिबा हे या दुसऱ्या परंपरेचे प्रतिनिधी होते.

६/ राजकारणात त्यांनी निवड केली ती शेतकरी कामगार पक्षाची. स्वातंत्र्याच्या आगेमागे काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी हा पक्ष स्थापिला. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या संपाने त्याची भूमी आधीच नांगरून ठेवली होती. पाठोपाठ संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली आणि १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील अनेक मातब्बर उमेदवार पडले. त्याच निवडणुकीत पनवेलमधून दिबा प्रथम विधानसभेत गेले. वय होते एकतीस.

७/ त्यानंतर १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० अशा एकूण पाच निवडणुकांत पनवेलने त्यांना विधानसभेत पाठविले. १९७२ च्या निवडणुकीनंतर ते विरोधी पक्षनेते झाले. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. आयुष्याचा बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर होते. पनवेलमधील त्यांच्या घराचे नाव ‘संग्राम’. सत्तेबाहेर राहून धोरण बदलता येते काय, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यासाठी त्यांचे चरित्र म्हणूनच उपयुक्त ठरते.

८/ आता काही काळ मुंबईकडे वळू. साठच्या दशकात मुंबई बेटावरील गर्दी असह्य होऊ लागली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक प्रस्ताव मांडला : शहर उत्तरेकडे लांबविण्याऐवजी खाडीपलीकडे, पूर्वेस नवे शहर वसवावे. शासनाने तो विचार पुढे स्वीकारला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये नव्या शहराच्या विकासाचे अधिकार तिच्याकडे आले. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या आराखड्यात आले.

९/ या योजनेचे अर्थशास्त्र प्रारंभापासून स्पष्ट होते. शेतजमीन शासनाने घ्यायची, सिडकोने तेथे रस्ते, पाणी, गटारे करायची, विकसित भूखंड विकायचे आणि त्या पैशांतून पुढील नोडचा विकास करायचा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, शेतजमिनीचा भाव आणि शहरी भूखंडाचा भाव यांतील तफावत हेच नव्या शहराचे भांडवल होते. हे भांडवल कोणाकडून येत होते? भात आणि मीठ पिकविणाऱ्या आगरी, कोळी, कराडी कुटुंबांकडून. नगररचनेच्या ग्रंथांत कोरियांच्या आराखड्याची चर्चा पुष्कळ आढळते. या भांडवलदारांची फार थोडी.

१०/ येथे थोडा कायदा समजून घेणे अपरिहार्य आहे, कारण दिबांचे राजकारण त्याच्याच कलमांतून उमललेले आहे. जमीन घेतली जात होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. क्रम असा : कलम ४ ची अधिसूचना, म्हणजे जमीन लागण्याचा संभव आहे अशी जाहीर नोंद, कलम ६ ची घोषणा, म्हणजे सार्वजनिक प्रयोजनाचे जाहीर प्रतिपादन, कलम ९ च्या नोटिसा, आणि कलम ११ चा निवाडा, ज्यात मोबदला ठरतो. तातडी असल्यास कलम १७ अन्वये निवाड्याआधीही ताबा घेता येई. मालकाची संमती या संपूर्ण साखळीत कोठेही लागत नसे.

११/ कळीचा मुद्दा कलम २३ चा. मोबदला ‘बाजारभावा’ने द्यावा, असे कायदा म्हणतो, परंतु कोणत्या दिवसाचा बाजारभाव? तर कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. ताबा केव्हा गेला, पैसे केव्हा मिळाले, याचा त्याच्याशी संबंध नाही. नवी मुंबईच्या जमिनींविषयीच्या अधिसूचना १९७० च्या आरंभी निघू लागल्या आणि कित्येक गावांतील निवाडे झाले ते ऐंशीच्या दशकात. मधल्या काळात वाशीचा खाडीपूल झाला, वसाहती उभ्या राहिल्या, महागाई वाढली. जमिनीचा कायदेशीर भाव मात्र १९७० मध्येच थांबून राहिला.

१२/ त्यावर आणखी एक तरतूद होती. संपादन ज्या प्रयोजनासाठी होत आहे त्या प्रयोजनामुळे जमिनीची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ कलम २४ नुसार मोबदल्यात धरता येत नसे. तत्त्व म्हणून हे समजण्यासारखे आहे : शासनाने केलेल्या खर्चामुळे वाढलेला भाव शासनानेच का चुकवावा? परंतु परिणाम असा की ज्या शहरासाठी जमीन घेतली जात होती, त्या शहराचे अस्तित्वच शेतकऱ्याच्या हिशेबातून कायद्याने वगळले गेले. त्याला भाव मिळायचा तो जणू आसपास काहीच घडणार नाही, अशा कल्पित भाताच्या शेताचा.

१३/ दाद मागण्याचा मार्ग होता. कलम १८ अन्वये शेतकऱ्याने मोबदला अपुरा असल्याचा अर्ज केला की प्रकरण न्यायालयाकडे जाई. अनेकांनी तो मार्ग धरला आणि काहींना वाढीव रक्कम मिळालीही. तथापि, न्यायालयदेखील त्याच कलम २३ आणि २४ च्या चौकटीत बांधलेले. शेजारच्या खरेदीखतांची तुलना करून ते भाव वाढवू शकत होते. शेतीच्या भावाऐवजी शहरातील हिस्सा देऊ शकत नव्हते. शिवाय खटला जिंकून रक्कम हाती पडेपर्यंत कित्येक वर्षे जात आणि तोवर त्या पैशांत त्याच गावात घरापुरतीही जागा मिळेनाशी होई.

१४/ कायद्याची ही मर्यादा ओळखणारा वकील दोन गोष्टी करू शकतो. एक, आणखी खटले लढणे. दोन, मागणीचे स्वरूपच बदलणे. दिबांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने दुसरी वाट घेतली. भाव वाढवून मागणे सोडले नाही. परंतु त्याच्या जोडीला एक नवे सूत्र पुढे आले : जितकी जमीन घ्याल, तिच्या ठरावीक टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्या. ‘नुकसानभरपाई’ या शब्दात शेतकरी हा एका व्यवहारातून बाहेर पडणारा माणूस असतो. ‘वाटा’ या शब्दात तो नव्या शहराचा भागीदार होतो. माझ्या मते दिबांचे खरे योगदान या शब्दबदलात आहे.

१५/ या मागणीला ऐंशीच्या दशकात अधिक धार आली. खाडीपलीकडील उद्योग, तळोज्याची औद्योगिक वसाहत, उरणचा तेल व वायू प्रकल्प यांच्यानंतर आता न्हावा-शेवा येथे मोठे बंदर होणार होते आणि उरण तालुक्यातील जमिनींचा ताबा घेण्याची कार्यवाही सुरू झाली. या खेपेस जासई आणि परिसरातील गावे, म्हणजे दिबांचे स्वतःचे गाव, संघर्षाच्या केंद्रस्थानी होते. राज्यात मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. ताबा घेण्यास येणाऱ्या यंत्रणेला अडविण्यासाठी गावेच्या गावे रस्त्यावर उतरली. स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता.

१६/ १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाटा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात चिर्ले गावचे नामदेव घरत आणि धुतूम गावचे रघुनाथ ठाकूर मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, नवघर परिसरात पुन्हा गोळीबार झाला. त्यात पागोटे या एकाच गावातील तिघांनी प्राण गमावले : कमलाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील. दोन दिवसांत पाच मृत्यू. चिरनेरच्या गोळीबारानंतर त्रेपन्न वर्षांनी त्याच तालुक्यात, जमिनीच्याच प्रश्नावर, स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या.

१७/ आजही दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीस जासई व पागोटे परिसरात हुतात्मा दिन पाळला जातो. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा उल्लेख येतो, तो यावाच. परंतु ज्या शहरात लक्षावधी मराठी कुटुंबांनी घरे घेतली, त्या शहराच्या पायाशी असलेल्या या पाच नावांचा उल्लेख मला माझ्या शालेय वा महाविद्यालयीन पुस्तकांत आढळला नाही. स्थानिक इतिहास राज्याच्या इतिहासात सामावला जात नाही, तेव्हा तो फलकांवर आणि घोषणांतच जिवंत राहतो. घोषणेत भावना टिकते, तपशील गळून जातो.

१८/ गोळीबारानंतर शासनाला चर्चेस यावे लागले आणि विकसित जमिनीचा वाटा देण्याचे तत्त्व मान्य करण्याकडे पाऊल पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९८४ मध्ये, लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसला देशभरात चारशेहून अधिक जागा मिळाल्या. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा तिने जिंकल्या. उरलेल्या पाच जागांपैकी एक कुलाब्याची होती. तेथून दि. बा. पाटील निवडून आले. देशाची लाट एकीकडे आणि जासईची आठवण दुसरीकडे, असा तो कौल होता.

१९/ योगायोगाची आणखी एक गोष्ट. सप्टेंबर १९८४ मध्ये संसदेने भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. बाजारभावावर द्यावयाची दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंतच्या काळासाठी वार्षिक १२ टक्के अतिरिक्त रक्कम आली. घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर संपादनच रद्द होईल, असे कलम ११-अ आले. ही दुरुस्ती देशभरच्या अनुभवातून आली. तिचे श्रेय उरणला देता येणार नाही. परंतु ज्या दुखण्यावर ती उपाय शोधत होती, ते उरणचेच दुखणे होते : वर्षानुवर्षे गोठलेला भाव.

२०/ साडेबारा टक्क्यांचे सूत्र प्रत्यक्ष शासननिर्णयात यायला आणखी सहा वर्षे लागली. ६ मार्च १९९० रोजी पहिला निर्णय निघाला. २८ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यात सुधारणा झाल्या. या मधल्या काळात दिबांच्या आंदोलनाला निवेदने, मोर्चे, बैठका, मसुद्यांवरील हरकती असे अनेक टप्पे पार करावे लागले. गोळीबाराचे दोन दिवस इतिहासात ठळक दिसतात, कारण तेथे रक्त सांडले. वास्तविक पाहता एका तत्त्वाचे नियमात आणि नियमाचे भूखंडात रूपांतर होण्याचा काळ अधिक दीर्घ आणि अधिक कंटाळवाणा असतो. वकिलाचे शिक्षण कामी येते ते याच काळात.

२१/ आता प्रत्यक्ष हिशेब करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे, सुमारे ५०६ चौरस मीटर. परंतु यातून ३० टक्के क्षेत्र रस्ते, शाळा, उद्याने अशा सामाजिक सुविधांसाठी वजा होते. उरतात साडेतीन गुंठे, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. म्हणून गावांतील जाणकार सांगतात की नाव साडेबाराचे, हाती पावणेनऊ टक्के. या भूखंडावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो आणि काही भागाचा वाणिज्य वापर करता येतो. चाळीस गुंठे गेलेल्या कुटुंबाकडे साडेतीन गुंठे आले. परंतु ते शहरातले साडेतीन गुंठे होते.

२२/ या यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. सूत्राचा आधार सातबारा होता. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याचा वाटा. मिठागरातील मजूर, खाडीत मासेमारी करणारे कोळी, डोंगरकडेचे कातकरी यांचे जगणेही त्याच भूमीवर अवलंबून होते. परंतु त्यांच्या नावे जमीन नव्हती आणि टक्केवारीच्या सूत्राला शून्याचे साडेबारा टक्के शून्यच दिसतात. बहिणींच्या वाट्याचे वाद, वारसांच्या नोंदी, भावकीची भांडणे यांत कित्येक प्रकरणे रखडली. जमिनीच्या मालकाला केंद्रस्थानी मानणाऱ्या शेतकरी राजकारणाची ही जुनी मर्यादा येथेही दिसते.

२३/ दुसरी मर्यादा विलंबाची. पात्रता ठरणे, सोडत निघणे, करार होणे यांत दशके गेली. दरम्यान घरात लग्ने, आजारपणे, शिक्षणे थांबत नाहीत. अनेकांनी भूखंड हाती येण्याआधीच तो विकसकाला देऊ केला आणि भाववाढीचा मोठा हिस्सा दुसऱ्याच्या पदरी गेला. न्हावा-शेवाचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तेथील प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीची इरादापत्रे मिळण्यास २०१४ उजाडले. गावठाणे वेळेवर न वाढल्याने कुटुंबांनी गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न तर आजही चर्चेत आहे.

२४/ उत्तरायुष्यात दिबांनी शेतकरी कामगार पक्ष सोडून शिवसेनेत प्रवेश केला. आयुष्यभर लाल बावट्याखाली वावरलेल्या नेत्याचा हा निर्णय त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना रुचला नाही. त्यांच्यावरील लेखनात हा भाग बहुधा घाईने उरकला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो. नव्वदीच्या दशकात रायगडचा मतदार बदलत होता, शेतकरी भूखंडधारक होत होता आणि साडेबारा टक्क्यांच्या यशाने ज्या वर्गाला जन्म दिला, त्याच्या आकांक्षा जुन्या पक्षाच्या भाषेत मावत नव्हत्या. नेत्याच्या पक्षांतराकडे पाहताना त्याच्या पायाखालील जमीनही सरकलेली असते, हे ध्यानी ठेवावे.

२५/ २४ जून २०१३ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, दिबांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, २६ सप्टेंबर २०१३ रोजी, १८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या भूसंपादन कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद आहे : शहरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकी २० टक्के जमीन मूळ जमीनधारक कुटुंबांसाठी राखावी व संपादन आणि विकासाच्या खर्चाइतक्या किमतीत त्यांना देऊ करावी. मागणी जासईची म्हणून ती तेथे पोहोचली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र विचार तोच आहे.

२६/ या सूत्राचा प्रवास इतरत्रही दिसतो. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावठाणे हलवावी लागली; तेथील भूधारकांसाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज ठरले. विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात नगररचना योजनांद्वारे मूळ मालकाला ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत देण्याची पद्धत स्वीकारली गेली. आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीसाठी अमरावती येथे २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करण्यात आल्या, त्या विकसित भूखंड परत देण्याच्या बोलीवरच. पद्धती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येकीविषयी तक्रारीही आहेत. परंतु ‘जमीन घ्या आणि पैसे देऊन मोकळे व्हा’ हा मार्ग आता कोणालाही सहजासहजी चोखाळता येत नाही.

२७/ आता नामकरणाविषयी. २०२१ मध्ये सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा भूमिपुत्रांच्या संघटना उठल्या. १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा गेला. जून २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने दिबांच्या नावास मान्यता दिली. सत्तांतरानंतरच्या मंत्रिमंडळानेही जुलैमध्ये तोच निर्णय घेतला आणि विधिमंडळाने ऑगस्टमध्ये ठराव करून प्रस्ताव केंद्राकडे नेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. एखाद्या नावासाठी एवढा मोठा समाज रस्त्यावर येतो, तेव्हा तो नावाच्या आडून स्वतःच्या सहभागाची पोच मागत असतो.

२८/ हा इतिहास ठाणे-कल्याणकरांना परका नाही. कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, जमिनीचा प्रश्न मात्र संपला नाही. जून २०१७ मध्ये तेथील आंदोलन हिंसक झाल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांपैकी दहा गावांत विकास केंद्राची योजना आखली गेली, तेव्हा तेथील सभांमध्येही हाच प्रश्न होता : आमची जमीन शहराला द्यायची, तर त्या शहरात आम्ही कोण? मालक, भागीदार, की केवळ एके काळचे रहिवासी?

२९/ दिबांच्या चरित्रातून या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर मिळत नाही. साडेबारा टक्क्यांत भूमिहीन सुटले, विलंबाने अनेकांचा लाभ गिळला आणि हाती आलेला भूखंड टिकवणे ही स्वतंत्रच लढाई ठरली. मात्र एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली. कायद्याने भाव ठरविण्याची जी रीत घालून दिली आहे, ती प्रश्नाची शेवटची मर्यादा नसते. मागणीचे शब्द बदलता येतात आणि संघटन असेल तर पुढे कायद्यालाही ते शब्द स्वीकारावे लागतात. या एका वाक्याची किंमत पाच कुटुंबांनी जानेवारी १९८४ मध्ये चुकविली आहे.

३०/ तेव्हा विमानतळाच्या फलकाकडे पाहताना त्याच्या अलीकडचे दास्तान फाटा, चिर्ले, धुतूम आणि पागोटेही आठवावे. ज्यांच्या घरी सिडकोच्या नोटिसा, जुने सातबारे, निवाड्यांच्या प्रती किंवा १९८४ च्या आंदोलनाची छायाचित्रे असतील, त्यांना विनंती : ती जपून ठेवा, शक्य असल्यास त्यांच्या प्रती काढून ठेवा आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्या. त्या काळी तिशीत असलेली माणसे आता सत्तरीपुढे आहेत. या शहराचा इतिहास लिहिताना सिडकोचे दप्तर हाताशी असेलच. दुसरी बाजू गावांकडूनच यावी लागेल. धागा समाप्त.